इच्छेचा कर्ता

इच्छेसारख्या विषयावर एका सरकारी कारकुनाने लेखणी उचलावी, यात वाचकांना काही विसंगती वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाही. कारकुनाला नेमणूक असते, वेतनश्रेणी असते, शिल्लक रजा असते. त्याला इच्छा असल्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात कुठे सापडत नाही. परंतु वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. दिल्लीतील एका मंत्रालयात मी दहाएक वर्षे फायली हाताळतो आहे, आणि 'डिझायर' हा इंग्रजी शब्द या काळात जितक्या वेळा माझ्या नजरेखालून गेला, तितक्या वेळा तो एखाद्या प्रेमकवीच्याही गेला नसेल.

कोल्हापूरला इंग्रजी घेऊन मी बी. ए. झालो. तिथे हा शब्द मला भेटला तो कवितांतून. तो उच्चारताना आमचे प्राध्यापक किंचित थांबत आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. पुढे टेनेसी विल्यम्सच्या नाटकाशी गाठ पडली. न्यू ऑर्लिन्स शहरात 'डिझायर' हे नाव कपाळावर मिरवणारी एक ट्राम खरोखरच होती. ती १९२० पासून धावत होती. नाटक रंगभूमीवर आले १९४७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी ती ट्राम बंद होऊन तिच्या जागी बस आली. विजय तेंडुलकरांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हा त्याला नाव दिले 'वासनाचक्र'. त्या वयात मला ते नाव फारच भेदक वाटले होते. डिझायर म्हणजे वासना, आणि वासना म्हणजे जिच्याविषयी घरात बोलता येत नाही ती गोष्ट, असे समीकरण डोक्यात घेऊन मी २०१५ साली दिल्लीस आलो.

रुजू झाल्यावर हाती आलेल्या पहिल्याच फायलीत हा शब्द होता. सचिवांनी असे 'डिझायर' केले होते की, गेल्या तीन वर्षांत झालेल्या खुर्च्या-टेबलांच्या खरेदीचा तक्ता सादर व्हावा. मी ते वाक्य दोनदा वाचले. ज्या शब्दासाठी कवींनी रात्री जागवल्या, तो इथे फर्निचरच्या तक्त्यापाशी येऊन बसला होता. आणि बसला होता तोही अगदी निर्विकारपणे, जणू त्याचे सारे आयुष्य याच हिरव्या पानावर गेले आहे.

नवा मनुष्य नवा शब्द वापरून पाहतोच. पंधरा दिवसांनी दुसऱ्या शाखेकडे गेलेली आमची एक फाईल परत येईना, तेव्हा मी टिप्पणीत लिहिले की, सदर फाईल शुक्रवारपर्यंत परत मिळावी असे मी 'डिझायर' करतो. आमचे त्या वेळचे सेक्शन ऑफिसर निवृत्तीला टेकलेले एक बंगाली गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावले, चष्मा कपाळावर चढवला आणि अतिशय सौम्य स्वरात म्हणाले, "बेटा, इस दफ़्तर में इच्छा ऊपर से नीचे आती है। नीचे से ऊपर सिर्फ़ निवेदन जाता है।" मग त्यांनी माझी 'इच्छा' खोडली आणि तिच्या जागी 'विनंती' लिहिली. फाईल परत आली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. पण तो मुद्दा वेगळा.

त्या दिवसापासून मी या क्रियापदांची उतरंड नीट पाहू लागलो. मंत्री इच्छितात, सचिव निर्देश देतात, उपसचिव विनंती करतात आणि आम्ही 'सबमिट' करतो. या शेवटच्या शब्दाचा 'शरण जाणे' हाही एक अर्थ इंग्रजीत आहे. तो काही शब्दकोशकारांनी आम्हा कारकुनांना पाहून दिलेला नसावा, पण लागू पडतो. मंत्रालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राची सुरुवातच मुळी 'मला असे सांगण्याचा निर्देश झाला आहे की' अशी असते. सही करणारा अधिकारी स्वतःचे काहीच सांगत नसतो. त्याच्या तोंडून दुसरे कोणी बोलत असते. आणि जिथे या दुसऱ्याचेही नाव घ्यायचे नसते, तिथे इंग्रजीचा कर्मणी प्रयोग धावून येतो. 'इट इज डिझायर्ड.' असे इच्छिले गेले आहे. कोणी इच्छिले? ते कोणी विचारत नाही. मी अशा टिप्पण्या पाहिल्या आहेत ज्यांत मंत्र्यांची म्हणून नोंदलेली इच्छा मुळात सचिवांची असते, आणि सचिवांची म्हणून नोंदलेली कुणा अवर सचिवाची. मंत्रिमहोदयांना तिचा पत्ताही नसावा. पण दुसऱ्याच्या, तेही वरच्याच्या, नावावर लिहिलेली इच्छा जितक्या लवकर पुरी होते तितकी स्वतःच्या नावावरची होत नाही, हे दफ्तरातील जुने शहाणपण आहे.

आपली मराठी या बाबतीत गंमतीची आहे. 'मला पाणी हवे' या वाक्यात हवेसे वाटणारा मी आहे खरा, पण मी तिथे चतुर्थीत, एका बाजूला उभा आहे; क्रियापद चालते ते पाण्याच्या लिंगवचनाप्रमाणे. पाणी हवे, भाकरी हवी, आंबे हवेत. जणू इच्छा माणूस करीत नाही, वस्तूच त्याला हवी होऊन येते. इंग्रज मात्र 'मी'पासून सुरुवात करतो. निदान घरी तरी करीत असावा. दफ्तरात त्यानेच आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवला.

या शब्दाचे मूळ शोधण्याची बुद्धी मला एका वार्षिक अहवालामुळे झाली. एका सहकाऱ्याच्या कामाविषयी वरिष्ठांनी शेरा मारला होता, 'लीव्ज मच टु बी डिझायर्ड'. तो बिचारा दोन दिवस याचा अर्थ चांगला की वाईट हेच विचारत फिरत होता. त्याला वाटले, माझ्या कामात इच्छा करण्याजोगे पुष्कळ आहे, असे साहेब म्हणतात. अर्थ समजावून सांगताना माझेही कुतूहल जागे झाले. इथे 'डिझायर' म्हणजे हवे असणे नव्हे, उणे असणे. काम पुष्कळ उणे आहे. मग मी कोश उघडला.

हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये आला तो लॅटिनच्या 'देसिदेरारे' या क्रियापदावरून. त्या क्रियापदात 'सिदुस' म्हणजे तारा, तारकापुंज, हा शब्द दडला आहे असे व्युत्पत्तिकार मानतात. सर्वांचे त्यावर एकमत नाही. ताऱ्यांकडून काही येईल म्हणून वाट पाहणे, किंवा तारे दिसेनासे होणे, अशा काही कल्पनेतून तो निघाला असावा. अर्थाविषयी मात्र मतभेद नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केवळ इच्छिणे एवढा नव्हता. जे जवळ नाही त्याची उणीव भासणे, जो गेला त्याची आठवण येत राहणे, हा त्यात भरलेला होता. 'देसिदेरियुम' हे नाम तर मृताच्या वियोगात होणाऱ्या तगमगीलाही लावीत. इंग्रजीतही हा जुना अर्थ काही काळ टिकून होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात यहोराम नावाच्या एका दुष्ट राजाची हकिकत आहे. आठ वर्षे राज्य करून तो रोगाने मेला. त्याच्या मरणाविषयी लिहिताना भाषांतरकारांनी हाच शब्द नकारार्थी योजला आहे. तो गेला, आणि कोणाला तो 'डिझायर' झाला नाही. म्हणजे कोणाला त्याची उणीव वाटली नाही.

आणखी एक शोध लागला, आणि तो दफ्तरी मनुष्याला विशेष मौजेचा आहे. 'कन्सिडर' हा शब्दही त्याच ताऱ्यांवरून निघाला असे मानतात. ताऱ्यांकडे निरखून पाहणे, म्हणून विचार करणे. वरून खाली येते ती इच्छा आणि खालून वर गेल्यावर अर्जाचे होते ते 'कन्सिडरेशन', ही दोन्ही एकाच आकाशाची लेकरे! इंग्रजीतील 'वॉण्ट'ची कथाही अशीच आहे. स्कँडिनेव्हियाकडून आला तेव्हा त्याचा अर्थ उणे असणे एवढाच होता. हवे असणे हा अर्थ त्याला चिकटला अठराव्या शतकात. कर्मचाऱ्यांच्या 'वॉण्ट'मुळे काम रखडले असे आम्ही अजून लिहितो, आणि ते जुन्या अर्थाने अगदी शुद्ध असते.

असे कोश चाळताना मी मराठीकडे वळलो तेव्हा तेंडुलकरांचे 'वासना' पुन्हा समोर आले. कॉलेजात शिकलेले समीकरण मला माझ्या आईने, नकळत, खोटे ठरवले होते ते आठवले. आमच्या कृष्णाकाठच्या गावी आजारी माणसाला कोणी जेवायचा आग्रह केला की तो म्हणतो, "नको, वासनाच नाही." अन्नावरची वासना उडाली म्हणजे दुखणे वाढले असे समजायचे, आणि वासना झाली म्हणजे उतार पडला. हा शब्द आमच्या घरी चूलखंडापाशी, मुलाबाळांदेखत, रोज बोलला जाई. इच्छा, हौस, आस, ओढ, हाव हे सारे शब्द आईजवळ होते, पण स्वतःसाठी ती त्यांतला एकही वापरीत नसे. वडील गेल्यावर ती एकटी राहिली. बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली. मी रामकृष्णपुरममधील दोन खोल्यांच्या सरकारी घरात, पत्नी आणि मुलीसह. महाराष्ट्राबाहेर पोटासाठी आलेल्या आपणा मंडळींपैकी बहुतेकांची कथा याहून वेगळी नसेल, तेव्हा तपशील वाढवीत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी अर्ज केला. पुण्यातील एका कार्यालयात प्रतिनियुक्तीवर जागा होती. पहिल्या मसुद्यात मी लिहिले की, मी पुण्यास जाण्यास 'डिझायरस' आहे. मग बंगाली साहेबांचे वाक्य आठवून तो शब्द मीच खोडला आणि कारण म्हणून लिहिले की, माझी वृद्ध आई गावी एकटी असून मी तिच्याजवळ असावे अशी तिची इच्छा आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. तिने असे कधी म्हटले होते का? नव्हते. पण मुलाने जवळ असावे असे कोणत्या आईला वाटत नाही? मी तिला न विचारता तिची इच्छा नोंदवून टाकली. अर्ज विचाराधीन झाला. मी दर महिन्याला चौकशी करी आणि तो दर महिन्याला विचाराधीन असे.

आई दर आठवड्याला फोनवर बोले. दिवाळी सरली की तिचा एक प्रश्न ठरलेला असे. "तिकडं थंडी पडली का रे? लई असती म्हणं." मी तिला आकडा सांगे. आज दहा अंश, उद्या आठ. "मग माणसं बाहेर कशी पडत्यात?" स्वेटर घालून पडतात, आई. "आणि ते राष्ट्रपतीचं घर तुझ्या हापिसातनं दिसतं म्हणं?" दिसते, धुके नसले तर. एवढ्यावर आमचे संभाषण संपे. मी तिचे सगळे प्रश्न हवामानाचे आणि सामान्यज्ञानाचे समजत होतो, आणि उत्तरे अचूक देत होतो.

२०२३ च्या माघात ती गेली. दुपारी परड्यात बसली होती, तशीच कलंडली. मी विमानाने पुण्यास आणि तिथून मोटारीने गावी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. बोलणे झाले नाही. अग्नी मात्र माझ्या हातून दिला गेला.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे त्यांना सांगायला नको. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही, आणि नाही शिवला तर काही राहिले आहे. उंबराच्या फांदीवर चार-पाच कावळे होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर आला, मान तिरपी करून पाहिले आणि परत गेला. काका म्हणाले, "बोल काहीतरी. तिच्या मनात काय असंल ते बोल." मी बोललो. बहिणीला अंतर देणार नाही. घर विकणार नाही. परड्यातली तुळस वाळू देणार नाही. वडिलांचे श्राद्ध चुकवणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मग मी जे हातचे राखून ठेवले होते ते बोललो. "आई, मी पुण्याला बदली करून घेतो. अर्ज दिलाय." घाटावर ऊन चढले होते. मामा बोलले, शेजारच्या आक्का बोलल्या, नातीचे लग्न थाटात करू म्हणून कोणी म्हणाले. नात त्या वेळी चार वर्षांची होती.

मी दफ्तरात हुशार समजला जातो. वरिष्ठांनी फायलीवर पेन्सिलीने नुसती रेघ ओढली तरी त्यांना होकार हवा की नकार, हे मी सांगू शकतो. 'देखते हैं' म्हणजे नाही, 'चर्चा करें' म्हणजे मसुदा बदला, आणि काहीच न लिहिता परत आलेली फाईल म्हणजे काय, हे मला नव्या मुलांना शिकवता येते. दोन तास मी त्या घाटावर उभा होतो आणि जिने मला बोलायला शिकवले तिच्या मनातील एक गोष्ट मला ओळखता येत नव्हती. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिले, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात त्याची सोय आहे.

संध्याकाळी बहिणीने आईची ट्रंक उघडली. दोन इरकली, वडिलांचे उपरणे, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड लोकरीचा स्वेटर, पुढून गुंड्यांचा, मातकट रंगाचा. त्याची किंमतीची चिठ्ठी तशीच होती. आमच्या गावी असल्या स्वेटरचे काही काम नसते. तिथे माघातही शाल पुरते. मी बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "दिवाळीच्या बाजारात मिरजेला गेलो होतो तेव्हा घेतला. तुझ्याकडं यायचं होतं तिला, दादा. दिल्ली बघायची होती. मला म्हणाली, त्याला सांगू नको, तो खर्चात पडंल. बोलावलं की जाईन."

मी काही बोललो नाही. पुण्याच्या अर्जातील ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होते. गावाकडे परतण्याची ओढ माझी होती. दिल्लीचा, बसच्या रांगांचा, परक्या बोलीचा कंटाळा माझा होता. ते सारे मी आईच्या नावावर नोंदवले होते, कारण तिच्या नावावर ते लवकर मंजूर होईल असा माझा हिशोब होता. आणि तिची स्वतःची इच्छा, ट्रंकेच्या तळाशी, निमंत्रणाची वाट पाहत होती. तिला गावी कोणी परत यायला नको होते. तिलाच एकदा गावाबाहेर पडायचे होते. पासष्ट वर्षांत ती पंढरपूर आणि नरसोबाची वाडी यांपलीकडे गेली नव्हती, ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. तिचा काही अर्थ असू शकतो, हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

स्वेटर मी बरोबर आणला. पत्नीने तो धुपवून कपाटात ठेवला.

जुलैमध्ये पुण्याहून आलेले पत्र आमच्या शाखेत पोहोचले. त्यात लिहिले होते की, अर्जदार सदर जागेवर येण्यास अद्यापि 'डिझायरस' आहे किंवा कसे, हे सात दिवसांत कळवावे असे 'डिझायर' करण्यात आले आहे. एकाच वाक्यात तो शब्द दोनदा आला होता. आताचे सेक्शन ऑफिसर माझ्याहून वयाने लहान आहेत. त्यांनी माझे अभिनंदन केले. म्हणाले, होकार आजच पाठवू या, जागा जायला नको. मी त्यांना सांगितले की, उत्तर नकाराचे जाईल. त्यांना आश्चर्य वाटले. कारण काय लिहू, असे त्यांनी विचारले. नकाराचा मसुदा करणे माझ्याच टेबलाचे काम असल्याने तो मीच केला. अर्जदार इच्छुक नाही. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असे लिहिले, आणि वर नेहमीप्रमाणे, इच्छिल्याप्रमाणे मसुदा मान्यतेसाठी सादर, असे टिपून फाईल पुढे पाठवली.

त्या वर्षी डिसेंबरात धुके फार पडले. मुलीला घेऊन एका रविवारी राष्ट्रपती भवनाच्या बाजूला गेलो होतो. समोरचे काही दिसत नव्हते. ती म्हणाली, घर कुठे आहे? मी बोट दाखवले त्या दिशेला ती बराच वेळ पाहत उभी राहिली.